मांजरपाटावरची सहा मांजरं आणि एक कुत्रा

एकूण सात टॉवेल. सहांवर बुधवार सोडून बाकीच्या वारांची मांजरं आणि सातव्यावर कुत्रा. मैत्रिणीने गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि पहिलंच वाक्य असं की अगं, हा कुत्रा यात चुकून आलाय, तो बाजूला काढ आणि त्याच्या जागी बुधवारचं मांजर भरून दे, म्हणजे सेट पूर्ण होईल. मी हो म्हणून टाकलं. कारण मलाही तसंच वाटत होतं. पुढे जे काही झालं ते सगळं या एका होकारातून झालं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतेय, जुनं भरतकाम जमवणाऱ्या कुणालाही उपयोग होईल.

आधी हे टॉवेल कुठल्या प्रकारचे ते सांगते. अमेरिकेत १९३०च्या आसपासपासून घरोघरी भांडी पुसायचे टॉवेल भरायची मोठी फॅशन होती, त्यात आठवड्याच्या सात वारांचे सात टॉवेल हा अगदी लाडका प्रकार. प्रत्येक वाराला एक घरकाम ठरलेलं आणि ते काम करणारा एखादा प्राणी. सोमवारी मांजर धुणं धुतंय, मंगळवारी इस्त्री करतंय, बुधवारी फाटकं शिवतंय, गुरुवारी बाजाराला निघालंय, शुक्रवारी झाडतंय, शनिवारी भट्टीपाशी उभं आहे, रविवारी टोपी घालून चर्चला. कामांची वाटणी सेटप्रमाणे थोडी इकडेतिकडे होते पण सोमवारचं धुणं जवळजवळ कधीच बदलत नाही. डिझाइन कागदावर छापलेलं मिळायचं, कागद कापडावर उलटा ठेवून गरम इस्त्री फिरवली की शाईची रेघ कापडावर उतरायची, मग त्या रेघेवरून भरायचं. आंट मार्था आणि व्होगार्ट ही अशा छाप्यांची नावाजलेली नावं, पण मांजराचे छापे काढणारे इतके जण होते आणि मांजरं एकमेकांसारखी इतकी की नुसत्या टॉवेलवरून छापा कुणाचा ते मी तरी सांगणार नाही.

कापड बऱ्याचदा पिठाच्या पोत्याचं. तेव्हा पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सगळं सुती पोत्यातून यायचं, पोतं रिकामं झालं की उसवून, धुऊन, उकळून त्याचे टॉवेल. आपल्याकडच्या मांजरपाटासारखं ते कापड, साधं, दणकट आणि धुण्यागणिक मऊ होत जाणारं. मांजरपाटावर मांजर हे लिहिताना मला मनापासून आनंद होतोय. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी पिशव्या स्वस्त पडायला लागल्या आणि सुती पोती हळूहळू गेली, त्यामुळे खऱ्या पोत्याचा टॉवेल असेल तर तो साधारण १९३० ते १९६० मधला धरायला हरकत नाही. त्याहून नेमकं साल काढायचा मोह टाळलेला बरा.

पोत्याचं कापड ओळखायचं कसं? पोत्याची शिवण साखळी टाक्याची असायची, एक टोक सापडलं आणि ओढलं की सगळी सर्रकन उसवते, पण सुईची भोकं मात्र कापडात राहतात. या सहा मांजरांपैकी चारांच्या एका कडेला तशी भोकांची सरळ रांग होती, जाड सुईची, एकसारख्या अंतरावर. आणि शुक्रवारचा टॉवेल खिडकीला धरला तर दुमडपट्टीच्या आत निळ्या छापील अक्षराचा अर्धा भाग दिसत होता, म्हणजे पोत्यावरचं नाव धुऊन पूर्ण गेलं नव्हतं म्हणून भरणारीने तो भाग दुमडीत लपवला. ते अर्धं अक्षर मी किती वेळ बघत बसले होते. कुणीतरी उभं राहून विचार केलाय की हे आता कुठे घालवू, आणि घालवलंय.

शनिवारच्या मांजराच्या मिशा भरायच्या राहून गेल्यात. छाप्याच्या निळ्या रेघा तशाच दिसतात, डाव्या बाजूला तीन आणि उजव्या बाजूला दोन. मैत्रीण म्हणाली त्या पण भरून टाक ना, पाच टाक्यांचं तर काम. मी नाही म्हटलं. त्या बाबतीत माझं पक्कं मत आहे, जे राहिलंय ते राहू द्यावं, कारण भरायच्या आधी रेघ कशी दिसायची हे आता फक्त तिथेच दिसतं.

आता कुत्रा. काळा स्कॉटिश टेरियर, बाजूने उभा, गळ्यात लाल बो. कापड वेगळं, जास्त बारीक, दोन्ही कडांना विणतानाच घातलेली रंगीत पट्टी, भोकं कुठेच नाहीत, म्हणजे दुकानातून घेतलेलं टॉवेलचं कापड. वार लिहिलेला नाही आणि काम कुठलंच करत नाही, नुसता उभा. स्कॉटीची फॅशन १९३० आणि १९४०च्या दशकात जोरात होती, टॉवेलवर, पडद्यांवर, पिनांवर सगळीकडे स्कॉटी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे १९४० साली फाला नावाचा स्कॉटी आला आणि तो तर पेपरात सतत झळकायचा. म्हणजे काळ जुळत होता, पण कापड वेगळं, छापा वेगळा, प्राणी वेगळा. आम्ही दोघींनी त्याला गठ्ठ्यातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

सगळ्यांची अवस्था साधारण सारखी. घडीच्या रेघांवर तपकिरी पिवळा पट्टा, तो लाकडी फळीचा, लाकडातून आम्ल बाहेर येत राहतं आणि कापड वर्षानुवर्षं थेट फळीवर पडून राहिलं की असा वळ उठतो. खळ तशीच होती म्हणून दोन टॉवेलना कसर लागलेली, कडेला बारीक कुरतडलेलं. आणि मंगळवार, गुरुवार आणि कुत्रा या तिघांच्या एकाच कोपऱ्यात छोटा गंजाचा ठिपका. हे तीन ठिपके मी वहीत लिहिलेसुद्धा. तीनच का आणि हेच तीन का, हे मात्र मनात आलं नाही.

गंज दिसला म्हणून एक गोष्ट मी बरोबर केली, ऑक्सिजनवाली पांढरं करायची पावडर वापरली नाही. सोडियम परकार्बोनेटची पावडर पाण्यात पडली की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, पिवळेपणावर ते छान चालतं, पण जिथे लोखंड आहे तिथे ते इतक्या जोरात काम करतं की धागाच कुजतो आणि नंतर कधीतरी ठिपक्याच्या जागी भोक पडतं. क्लोरीनचं ब्लीच तर जुन्या सुती कापडाला दाखवूच नये. तेव्हा ठरलं असं की कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, बस.

धुण्याआधी रंगाची परीक्षा करायची असते. उलट बाजूने लाल टाक्यांवर पाण्याचा थेंब टाकायचा, वर पांढरा टीपकागद, त्यावर काहीतरी जड ठेवून काही मिनिटं थांबायचं आणि कागदावर रंग येतो का बघायचं, मग तेच साबणाच्या पाण्याने परत. मी सोमवार आणि शनिवारच्या लाल रंगावर केली. कागद दोन्ही वेळा कोरा. मग मी सगळे सात पाण्यात घातले.

सात टॉवेल आणि परीक्षा दोघांची. घाई वगैरे काही नव्हती, वेळ भरपूर होता, त्यामुळे असं का केलं हे मी नंतर स्वतःला विचारलं. एक कारण असं की जुनं लाल म्हणजे पक्कं लाल हा समज माझ्या डोक्यात फार घट्ट बसलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नुसत्या लाल दोऱ्याने रेघारेघांचं भरतकाम करायची जी लाट होती, ज्यात हीच मांजरं कुत्री बदकं भरलेली सापडतात, ती टर्की रेड रंगाच्या जोरावर होती. तेल, तुरटी आणि मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा रंग अशी ती लांबलचक कृती, पण एकदा बसला की धुतल्याने हलायचा नाही. पुढे १८६८ साली ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळांतला मुख्य रंग, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनवला आणि मुळांची शेतीच बसली, पण लाल पक्काच राहिला. मी लाल दोऱ्याचं जुनं भरतकाम आधी बरंच धुतलंय आणि मला कधी फटका बसला नव्हता. पण टर्की रेड ही त्या लाटेची गोष्ट, १९३०-४०च्या दशकातल्या टॉवेलवर तोच लाल असेल असं कुणी सांगितलंय? तोपर्यंत किती प्रकारचे लाल बाजारात आलेले, काही पक्के काही नाही.

आणि दुसरं कारण, कुत्र्याकडे मी बघितलंच नव्हतं. तो आमचा नव्हता ना.

दहाएक मिनिटांनी बघते तर कुत्र्याच्या गळ्याभोवती गुलाबी ढग. बोचा लाल रंग फुटला होता. खालीच रविवारचं मांजर, त्याच्या टोपीच्या कडेला पण गुलाबी झाक आलेली. पोटात धस्स झालं. बाकीचे टॉवेल बाहेर काढून वेगळ्या पाण्यात टाकले, रविवार लगेच थंड पाण्याखाली धरला, त्याचा रंग दोन पाण्यांत गेला कारण तो नुसता वर बसलेला होता.

कुत्र्यासाठी जे केलं ते नीट सांगते, कारण अशा वेळी माणूस घाबरून टॉवेल पिळतो आणि वाळत घालतो, आणि तेच करायचं नसतं. सुटलेला रंग ओला आहे तोवर हलतो, वाळला की बसला, आणि इस्त्री लागली तर मग विसरा. सर्वात मोठा टब घेतला, भरपूर थंड पाणी, द्रव साबणाचे थोडे थेंब, टॉवेल एकटाच आणि पूर्ण पसरलेला, पाण्यात हलता ठेवायचा. पाणी कमी असलं की सुटलेला रंग परत शेजारच्या कापडात शिरतो म्हणून मोठा टब. पाणी सारखं बदलत राहिले, पहिली चार पाणी गुलाबी, मग फिकी, नवव्या पाण्याला काही दिसेना. मग जाळीवर घेऊन उचलला, ओल्या कापडाचं वजन जुन्या धाग्यांना झेपत नाही, हाताने कोपरा धरून उचललं तर तिथेच फाटतं. पांढऱ्या जाड टॉवेलवर पालथा टाकला, वरून दुसऱ्या टॉवेलने दाबून पाणी टिपलं आणि लांबून पंखा लावला, म्हणजे लाल भाग लवकर सुकेल आणि ओल पसरताना रंग सोबत नेणार नाही. ढगाचा बराच भाग गेला. थोडा राहिला, बोच्या खाली, नीट बघितलं तर दिसतो.

आता तो पालथा पडलेला आणि मी शेजारी बसून राखण करत होते. तेव्हा पहिल्यांदा मी त्याची उलट बाजू बघितली.

इतकी वर्षं जमवतेय आणि दुसऱ्यांना सांगत आलेय की आधी उलट बाजू बघा. वरचा रंग उजेडाने उतरतो, खालचा मूळ रंग टिकतो. वरून सगळे सारखेच दिसतात, छापा एकच असतो ना, पण दोरा कुठे सुरू केला, कुठे संपवला, गाठ मारली की नाही, एका भागातून दुसऱ्याकडे उडी मारली की दोरा कापून परत सुरुवात केली, हे सगळं खाली असतं आणि ते प्रत्येकीचं वेगळं. मांजरांच्या उलट बाजू मी पहिल्याच दिवशी बघितल्या होत्या. एकही गाठ नाही. दोऱ्याचं शेवटचं टोक चार टाक्यांखालून नेलेलं आणि मग पाचव्याच्या पदरांच्या मधून काढून कापलेलं, सहाही टॉवेलवर अगदी तसंच. रेघ भरायचा जो देठ टाका, दोरीसारखा पिळलेला दिसणारा, त्याचा पीळ नेहमीच्या उलट दिशेला. डावखुरी असेल किंवा दोरा सुईच्या दुसऱ्या बाजूला धरायची सवय असेल, दोन्हींनी तसाच पीळ दिसतो.

कुत्र्याच्या टॉवेलच्या उलट बाजूला एकही गाठ नव्हती. टोकं चार टाक्यांखालून आणि पाचव्याच्या मधून. पीळ उलटा.

भिंग घेतलं आणि सरळ बाजू परत बघितली, थेट नाक. मांजरांची नाकं मला पहिल्या दिवसापासून आवडलेली, छोटे उभे टाके भरून झाले की त्यांच्यावरून वरच्या कडेला एकच आडवा टाका, जसं काही नाक जागेवर बांधून ठेवलंय. कुत्र्याचं नाक काळं, सगळा कुत्राच काळा, त्यामुळे वरून काही कळत नव्हतं, पण भिंगाखाली उभे टाके आणि वर तो एक आडवा टाका स्वच्छ दिसला. माझ्या हाताला चक्क कापरं भरलं.

लगेच मैत्रिणीला फोन. ती शांतपणे म्हणाली, अगं त्या काळी सगळ्याच जणी तसं भरत असतील, कुठल्यातरी पुस्तकात शिकवलं असेल. शंका रास्त होती. म्हणून माझ्याकडचे प्राण्यांचे सगळे टॉवेल आणि उशीचे अभ्रे काढले, तेवीस नग, त्यात दोन स्कॉटी आणि मांजरं आठ. उलट पीळ तिघांवर सापडला, गाठ नसलेलं काम बऱ्याच ठिकाणी. आडवा टाका घातलेलं नाक एकही नाही. तेवीस काही फार नाहीत हे मला मान्य आहे, पण तिन्ही सवयी एकत्र आणि त्याही एकाच गठ्ठ्यात म्हटल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. फरकही होते. मांजरं सहापदरी दोऱ्यातले दोन पदर काढून भरलेली, कुत्रा तीन पदरांनी. लाल तर वेगळा होताच, ते पाण्यानेच सांगितलं. म्हणजे लडी वेगळी, कापड वेगळं, वेळ वेगळी. हात तोच.

मग वहीतले ते तीन गंजाचे ठिपके आठवले. मंगळवार, गुरुवार आणि कुत्रा. टॉवेल परत मूळ घड्यांवर घातले आणि एकावर एक ठेवून बघितले. मंगळवार वर, कुत्रा मध्ये, गुरुवार खाली असं ठेवलं की तिन्ही ठिपके बरोबर एकाखाली एक येतात, आणि मधला, कुत्र्यावरचा, सगळ्यात गडद. टाचणी असेल किंवा एखादी पिन, कुत्र्यात टोचलेली, वर्षानुवर्षं तशीच. म्हणजे तो गठ्ठ्यात चुकून आलेला नव्हताच. तो बुधवारच्या जागेवर ठेवलेला होता, वारांच्या क्रमात.

बुधवारच्या मांजराचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. फाटलं असेल, कुणाला दिलं असेल, जळलं असेल. बहुतेक सेटमध्ये सुईदोरा हातात घेतलेलं मांजर बुधवारचं असतं, आणि नेमकं तेच गेलंय, आणि त्या जागी भरणारीने पोत्याचं कापड मिळालं नाही म्हणून विकतचं घेतलं, मांजराचा छापा मिळाला नाही म्हणून कुत्र्याचा घेतला, आणि परत सात केले.

कापडाचा काळ कळावा म्हणून अजून दोन गोष्टी करून बघितल्या. दुमडीतून एक धागा काढून जाळला, कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, वितळून मणी झाला नाही, म्हणजे सुतीच असणार, पॉलिएस्टर नाही. पॉलिएस्टर शोधलं गेलं १९४१ साली, घराघरात पोहोचलं १९५०च्या दशकात, पण सुती कापड तर आजही मिळतं, तेव्हा यातून फार काही सिद्ध होत नाही. दुसरं, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. सगळेच निळे चमकले, कारण आजकालच्या पावडरीतली चमक आणणारी द्रव्यं धुताना कापडात बसतात आणि कुणीतरी मधल्या काळात हे टॉवेल तशा पावडरीने धुतलेले. तो टॉर्च काही जण फार ठामपणे वापरतात. धुतलेल्या कापडावर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

मैत्रीण आली, तिला नाकं दाखवली. आधी रविवार, मग सोमवार, मग कुत्रा, भिंग तिच्याच हातात. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आणि आपण याला खुर्चीवर टाकलं होतं.

सेट पूर्ण करायचा विषय तिथेच संपला, तो पूर्णच होता. सातही आता तिच्याकडे आहेत. ठेवायची पद्धत अशी ठरवली की घडी घालायची नाही, कारण एकाच घडीवर धागे तुटत जातात. आम्ल नसलेला कागद गुंडाळलेल्या नळीवर भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायचे आणि फळीवर आधी धुतलेली पांढरी चादर. खळ नाही. इस्त्री करायचीच तर जाड टॉवेलवर पालथं घालून, म्हणजे टाके दबत नाहीत. गंजाचे ठिपके तसेच ठेवलेत, काढता आले असते कदाचित, पण आता ते मला डाग वाटत नाहीत, कुत्रा मधला होता हे त्यांच्यामुळेच कळतं. दर महिन्याला मात्र बघते तिथला धागा कमजोर होतोय का.

तिला ते नुसते गुंडाळून ठेवायचे नव्हते आणि मला ते पटलं, हे टॉवेल बघायला आणि हात लावायलाच केलेले आहेत. म्हणून ज्या दिवशी जो वार त्या दिवशी तो टॉवेल बाहेर, उन्हापासून लांब, आडवा पसरलेला. भांडी पुसायला नाही. बुधवारी कुत्रा.

तिच्यासाठी काढलेला बुधवारच्या मांजराचा छापा माझ्याकडे पडून होता, तो मी नव्या कापडावर भरला, माझ्या घरात वापरायला. कोपऱ्यात साल घातलंय, उलट बाजूने सुद्धा वाचता येईल असं, म्हणजे उद्या कुणाच्या हाती लागला तर जुना समजून त्या सेटमध्ये कुणी घुसवणार नाही. लाल दोऱ्याची भरायच्या आधीच परीक्षा केली, साध्या पाण्याने आणि साबणाच्या. नाकाचे टाके उभे घातले. आडवा टाका घातला नाही.